भेगाळलेल्या लाकडाचे वाडगे आणि पातळ सुपरग्लूची बाटली: वापरून दिलेला अभिप्राय

पातळ सुपरग्लूबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, बाटली हाताशी असली की कुठलाही फाटका ओंडका बिनधास्त लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवावा. दुसरा गट म्हणतो, हा पोरखेळ आहे, खरा कारागीर चिकटवलेल्या लाकडाला हात लावत नाही. माझी सगळी नोकरी लोखंडाच्या लेथवर गेली. लाकूड हातात आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही बहुतेक टाकाऊ: उतरवलेल्या छपरांचे वासे, तुळयांचे तुकडे, वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके, सुतारांनी चीर बघून बाजूला टाकलेले ठोकळे. असल्या ढिगातून वाडगे कातायचे तर सायनोॲक्रिलेटशिवाय, म्हणजे या सुपरग्लूशिवाय, निभत नाही, हे मला पटलेलं आहे. पण या बाटलीचं काम कुठे संपतं ती रेघ मी बऱ्याच जणांपेक्षा पुष्कळ अलीकडे ओढतो. हा अभिप्राय मुख्यतः त्या रेघेबद्दल आहे.

आधी वस्तू. सायनोॲक्रिलेट, थोडक्यात सीए, तीन जातींत मिळतो: पाण्यासारखा पातळ, काकवीच्या अलीकडचा मध्यम आणि जेलीसारखा घट्ट. हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्यामुळे तो आवळतो, म्हणजे कडक होतो, त्यात दुसरं काही मिसळावं लागत नाही. 1942 मध्ये ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. तेव्हा हा पदार्थ प्रत्येक गोष्टीला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवून दिला, आणि बाजारात तो आला 1958 मध्ये. ज्या गुणापायी तो नापास झाला तोच आपल्या कामाचा. वाडग्याच्या कामात खरा उपयोग फक्त पातळ जातीचा. तो ओतावा लागत नाही, भेगच त्याला आत ओढून घेते. केसाएवढ्या चिरेच्या तोंडाशी थेंब सोडला की तो दिसेनासा होतो, आणि क्षणभराने भिंतीच्या दुसऱ्या अंगाला ओली रेघ उमटते. म्हणजे ग्लू आरपार गेला. इतकं सोपं आणि इतकं स्पष्ट उत्तर देणारी वस्तू या धंद्यात दुसरी नाही.

केसाएवढी भेग, भुंगेऱ्याची बारीक भोकं, सुटू पाहणाऱ्या सालीची कड, गाठीभोवतीचा सैल पापुद्रा आणि बुरशीने अर्धवट मऊ झालेलं नक्षीदार लाकूड, एवढ्या ठिकाणी पातळ सीएला मी पैकीच्या पैकी गुण देतो. विशेषतः मऊ पडलेल्या लाकडात. गाउज (लेथवर लाकूड कातायची पन्हाळीदार पटाशी) कितीही धारदार असली तरी कुजायला लागलेले तंतू ती कापत नाही, उपटते. त्या पट्ट्याला सीए पाजला, आवळू दिला आणि मग हलका हात फिरवला की पृष्ठभाग एकसारखा निघतो. असं लाकूड आधी पूर्ण वाळलेलं हवं आणि तोंडावर चांगला मास्क हवा. बुरशीची धूळ हा एक भाग झाला, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ 1995 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकलेली आहे. रुमाल बांधून भागत नाही.

लावायची रीत अशी. वाडगा जवळजवळ अंतिम आकाराला आणायचा, लेथ बंद करायचा, भेगेतला भुसा दाबाच्या हवेने उडवून द्यायचा आणि मग ग्लू सोडायचा. भुसा आत राहिला तर सीए त्या भुशातच आवळतो, आणि वरून भेग बुजलेली दिसते तरी खाली पोकळच असते. ग्लू आवळायच्या आत लेथ सुरू करायचा नाही. फिरतं लाकूड ओला ग्लू फेकतं, आणि तो नेमका डोळ्यांच्या उंचीवर येतो. सागासारख्या तेलकट लाकडात ग्लू लावायच्या अगदी आधी ॲसिटोनचा बोळा फिरवावा. तेल थोड्याच वेळात परत वर येतं, म्हणून सकाळी पुसून दुपारी ग्लू लावण्यात अर्थ नाही.

आता तक्रारी, आणि त्या बऱ्याच आहेत.

पहिली डागाची. फिकट लाकडात, विशेषतः सालीकडच्या पांढऱ्या भागात, पातळ सीए भेगेच्या दोन्ही बाजूंना झिरपतो आणि कायमचा ओलसर डाग ठेवतो. टोकाच्या बाजूला, जिथे रेषा उभ्या कापलेल्या असतात, तिथे तर तो टिपकागदावरच्या शाईसारखा पसरतो. उपाय आहे: आधी भेगेच्या आजूबाजूला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यायचा, तो सुकला की मग ग्लू. बाटलीवर हे कुणी छापत नाही.

दुसरी तक्रार डाग दिसत नाही तिथेही लागू आहे. सीए प्यालेलं लाकूड नंतर तेल पीत नाही. वाडग्याला तेलाचा हात दिला की सगळा पृष्ठभाग खुलतो आणि भेगेभोवतीचा तुकडा तेवढा निस्तेज किंवा उलट चकचकीत राहतो. लॅकरसारखं वर थर धरणारं फिनिश देणार असाल तर हा फरक झाकला जातो. मला तेलच आवडतं, त्यामुळे दर्शनी भागात सीए वापरताना माझा हात जरा आखडतो.

तिसरी पॉलिश पेपरची. आवळलेला सीए शेजारच्या लाकडापेक्षा कडक असतो. मऊ पॅडवर पेपर लावून घासत बसलात तर लाकूड झिजतं आणि ग्लूची रेघ उंचवटा होऊन उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते. तिथे धारदार गाउजचा एक शेवटचा बारीक काप घ्यायचा आणि नंतर कडक पाठीवर पेपर धरायचा. घासताना गरमी वाढली की ग्लू मऊ पडतो, पेपर भरतो, आणि डोळे चुरचुरवणारा तो वास येतो.

वाफेबद्दल वेगळं सांगायला हवं. मोठ्या भेगेत पुष्कळ सीए एकदम सोडला की तो तापतो आणि त्याची वाफ सरळ वर, वाकून बघणाऱ्या तोंडावर येते. चेहरा बाजूला ठेवून काम करावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुती कापड. पातळ सीए सुतावर सांडला तर इतक्या झपाट्याने आवळतो की भाजतं. सुती हातमोजे, सुती चिंधी, सदऱ्याची सुती बाही, सगळंच धोक्याचं. नायट्रिलचे मोजे घालायचे आणि तेही लेथ बंद असतानाच. फिरत्या लेथजवळ कसलेच मोजे नकोत, हा लोखंडाच्या कामातला नियम इथेही तसाच.

आता ती रेघ.

जुनी सवय म्हणून आकडेच मांडतो. 25 सेंटीमीटर व्यासाचा वाडगा मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर त्याचा काठ सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर पळतो, म्हणजे ताशी 38 किलोमीटरच्या आसपास. काठाजवळ भेगेने सुटा पाडलेला 100 ग्रॅमचा तुकडा असेल तर तो बाहेर निसटू बघतो साधारण 9 किलोच्या ओढीने. फेरे 1600 वर नेले की ही ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते: 36 किलो. हे नुसतं फिरण्याचं झालं. गाउज अडकली तर बसणारा हिसका यात धरलेलाच नाही. आणि सीएचं कच्चं अंग नेमकं तेच आहे. सरळ ताणाला तो चांगला टिकतो, पण ठोक्याला आणि सोलून काढणाऱ्या जोराला लगेच तडकतो. कडक असल्यामुळे तो लवत नाही, एकदम सुटतो. म्हणून माझा नियम: ग्लू नसता तरी जो वाडगा मी लेथवर फिरवला असता, त्यालाच ग्लू लावायचा. ग्लूच्या भरवशावर ठोकळा चढवायचा नाही. वाडगा एकसंध धरून ठेवणं हे लाकडाचं काम. ग्लूने बारीकसारीक तेवढं सांभाळावं.

याचा अर्थ निवाडा करवतीपाशीच व्हायला हवा. ढिगातला प्रत्येक तुकडा मी आधी ठोकून बघतो. धड लाकूड खणकतं, आतून फुटलेलं बद्द वाजतं. नंतर पृष्ठभागावर स्पिरिट फिरवतो. बाकीचं सुकून जातं आणि भेगेत मुरलेलं मागे राहतं, त्यामुळे न दिसणारी चीर काळी रेघ होऊन दिसते. शंका राहिलीच तर टोकाची पातळ चकती कापून हाताने वाकवतो. चीर असेल तर तिथे ती उघडतेच, नसेल तर चकती अखंड लवते.

गाभ्यापासून सालीकडे जाणारी एक सरळ भेग असेल तर तिच्याशी जमवून घेता येतं. वाढीच्या वर्तुळाला धरून गोल फिरलेली चीर असेल तर तो तुकडा मी चुलीकडे पाठवतो, कितीही देखणा असला तरी. त्या चिरेवर लाकूड सोललं जातं, आणि आतल्या गोळ्याला बाहेरच्या कवचाशी बांधणारं तिथे काही उरलेलं नसतं. दोन भेगा एकमेकींना मिळून मध्ये पाचर सुटी पडली असेल तरी तेच. आणि भेग चकसाठी (ठोकळा पकडणाऱ्या लेथच्या शिकंजासाठी) ठेवलेल्या टेननमधून, म्हणजे बुडाच्या गोल खुंटातून, जात असेल तर टेनन तिथे करायचा नाही. भेगेने फुटलेला टेनन चकच्या जबड्यांत भरवशाने धरला जात नाही. अशा वेळी धड लाकडाचा जाड तुकडा तळाला चिकटवून त्यावर फेसप्लेट (लेथला जोडायची लोखंडी चकती) स्क्रूने बसवलेली बरी.

ठोकळा कसा उलथा धरायचा यावरही बरंच ठरतं. अर्ध्या ओंडक्याचा वाडगा करताना काठ गाभ्याकडे आणि बूड सालीकडे ठेवलं, तर गाभ्यातून निघालेल्या भेगा काठापाशी येतात. वरची दोनतीन सेंटीमीटरची फळी उतरवली की त्यातल्या बऱ्याच निघून जातात. सालीची नैसर्गिक कड काठाला हवी म्हणून उलटं धरलं की त्याच भेगा बुडात, म्हणजे टेननमध्ये येतात. सालीच्या काठाचे वाडगे मी फक्त भेग नसलेल्या ओंडक्यातून करतो.

वेगाचा सर्वसाधारण आडाखा असा: व्यास इंचांत मोजून त्याला फेऱ्यांनी गुणलं की उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान यावं. दहा इंचाला 600 ते 900. भेगाळलेल्या लाकडाला मी खालच्याच टोकाला राहतो आणि सुरुवात त्याहूनही खाली करतो. आतून पोखरताना बाहेरून ताणून गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मचे चार वेढे देतो. आघात सोसण्याच्या मानांकनाची फेसशील्ड हवीच, पण तिने लाकडाचा मोठा ढलपा थांबेल असं धरून चालू नये. सुरू करताना आणि वेग वाढवताना फिरत्या वाडग्याच्या रेषेतून बाजूला उभं राहणं यासारखं संरक्षण नाही, आणि त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

पडीक लाकडात भेगांखेरीज आणखी काय काय निघतं तेही बघायला हवं. खिळे शोधायला हातात धरायचा मेटल डिटेक्टर उत्तम. टॅनिन असलेल्या लाकडात निळाकाळा डाग दिसला तर जवळपास लोखंड आहे किंवा होतं असं समजावं. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोटने (लाकूड कुजू नये म्हणून लावायच्या डांबरी तेलाने) भिजवलेले असतात, हिरवट दिसणाऱ्या खांबांत आर्सेनिक असू शकतं आणि मालाच्या पॅलेटवर एमबी असा शिक्का असेल तर तिला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ही तिन्ही लाकडं माझ्या लेथवर चढत नाहीत. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा रंगवलेल्या फळ्याही नकोत.

ओलं लाकूड असेल तर बाटली उघडूच नका. लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की ते आकसायला लागतं, आणि वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. गाभा पोटात ठेवलेला ओंडका म्हणूनच फाटतो, त्यात झाडाचा दोष नाही. ओल्या भेगेत सीए तोंडाशीच आवळतो, खोल जात नाही. पुढे लाकूड आकसलं की ग्लूच्या शेजारून नवी चीर निघते. आधी भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवून वाडगा ढोबळ कातावा, 25 सेंटीमीटरला अडीच सेंटीमीटर, आणि वाळायला ठेवावा. अधूनमधून वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. पिनांच्या ओलावा मीटरपेक्षा माझा वजनकाट्यावर जास्त विश्वास आहे, कारण पिना पोचतात तेवढ्याच खोलीचं मीटर सांगतं. मग वाकडा झालेला वाडगा पुन्हा गोल करायचा आणि भेगा बुजवायच्या त्या यानंतर. ओंडक्याच्या टोकांना लावायचं पाणीमिश्रित मेणाचं सीलर याच कामाचं आहे. टोकाकडून ओलावा बाजूंपेक्षा कितीतरी झपाट्याने उडतो, त्याला ते लगाम घालतं. ताज्या कापलेल्या लाकडाला त्याच दिवशी लावलं तर पैसा वसूल. आधीच फाटलेल्या टोकांना लावून काही होत नाही.

रुंद भेगेत, म्हणजे नख आत जाईल अशा फटीत, सीए भरत बसणं मला पटत नाही. लाकडाचा भुसा दाबून त्यावर पातळ सीए सोडायची युक्ती सगळे सांगतात. भरण होतं, पण ते आजूबाजूच्या लाकडापेक्षा गडद दिसतं, आणि मग ते धड लाकूडही वाटत नाही, धड शोभाही देत नाही. खायचा सोडा टाकला तर क्षणात दगड होतो आणि पांढरा दिसतो. तिथे इपॉक्सी (राळ आणि हार्डनर कालवून करायचा ग्लू) लावावा, आणि तोही सावकाश आवळणारा. पाच मिनिटांत आवळणारा इपॉक्सी दाट असतो, हवेचे बुडबुडे धरून ठेवतो आणि भेगेच्या बुडापर्यंत पोचायच्या आत थांबतो. सावकाश आवळणारा रात्रभर झिरपत राहतो. आतून ॲल्युमिनियमची टेप घट्ट दाबून बसवायची, बाहेरून गरम ग्लूचा बांध घालायचा आणि तरी तो कुठूनतरी गळणार हे गृहीत धरून खाली प्लास्टिक अंथरायचं. डब्यावर प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं ते नीट वाचावं. राळ आणि हार्डनर सारख्या घनतेचे नसतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालत नाही. पेल्यात मोठा गोळा करून ठेवला की तो स्वतःच तापतो आणि भेगेत जायच्या आधीच आवळतो, म्हणून थोडं थोडंच कालवावं. कातडीला वारंवार लागला तर काहींना त्याची कायमची ॲलर्जी जडते, तेव्हा मोजे इथेही हवेत.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे: काळा. कोळशाची बारीक पूड मिसळलेला काळा इपॉक्सी भेगेला भेगच राहू देतो. पारदर्शक घेतला तर आतला प्रत्येक बुडबुडा दिसतो. निळे आणि चमकी घातलेले प्रकार ज्याला आवडतात त्याला आवडोत. पितळेची पूड गडद लाकडात छान दिसते, पण ती घासताना काळपट गाळ करते आणि फिकट लाकडाच्या रेषांत जाऊन बसते.

ताकदीच्या बाबतीत सावकाश आवळलेला इपॉक्सी सीएपेक्षा ठोक्याला बरा, पण वरचा नियम त्यालाही लागू. आरपार भेगेला आधार हवा असेल तर मी भेगेवर आडव्या लाकडी फुलपाखरी किल्ल्या (दोन्ही टोकांना रुंद, मध्ये अरुंद अशा पट्ट्या) बसवतो. तिथे निदान लाकूड लाकडाला धरतं.

बाटलीच्या देखभालीबद्दल थोडं. लहानात लहान बाटली घ्या. उघडलेली मोठी बाटली अर्ध्यातच दाट व्हायला लागते, आणि दाट झालेला पातळ सीए भेगेत जात नाही. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये टिकतात, पण बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण काढू नये, नाहीतर आत बाष्प धरतं. उघडलेली बाटली सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट बरणीत उभी ठेवावी. नळीचं टोक प्रत्येक वेळी पुसावं. बारीक प्लास्टिकच्या जोडनळ्या वेगळ्या मिळतात, त्या घ्याच. त्यांच्यामुळे थेंब हवा तिथे पडतो आणि तुंबलेली नळी फेकून देता येते.

आवळण्याची घाई करणारा स्प्रे मात्र मी घ्यायचा थांबवला आहे. जरा जास्त उडाला की ग्लू फेसाळतो, पांढरा होतो आणि ठिसूळ राहतो. तासभर दुसरा ठोकळा ढोबळ कातत बसलं की तेवढ्यात ग्लू आपला आपण आवळतो. मध्यम जात साल चिकटवायला बरी, एखादी बाटली असावी. घट्ट जेली जातीची माझ्या टेबलावर जागा नाही. तिची सगळी कामं इपॉक्सी जास्त चांगली करतो.